एकशे अडतीस किलोची बोट

कारगिलनंतरच्या पावसाळ्यात आमच्या इंजिनिअर कंपनीची एक प्लाटून तीन आठवड्यांसाठी आंबेगाव तालुक्यातल्या धरणावर आली. मी तेव्हा हवालदार होतो. नोकरीचं एकोणिसावं वर्ष चालू होतं. माझं गाव डिंगोरे, तालुका जुन्नर. तोवर राजस्थान झालं होतं, आसाम झालं होतं, जम्मूला दोन वर्षं काढली होती. घरापासून दोन तासांवर काम मिळालं ते पहिल्यांदाच. ओतूरच्या एसटीडी बूथवर निरोप ठेवून मी घरी कळवलं, "येतोय, पण रजेवर नाही."

काम साधं होतं. आमच्याकडे पूर्वीपासून ॲल्युमिनियमच्या बोटी होत्या. आता फायबरच्या चार बोटी ट्रायलसाठी आल्या होत्या. दोन्हींची लांबी सोळा फूट. कुठली किती जड, किती माणसांत उचलते, किती वेळात पाण्यात पडते आणि पाण्यात कशी वागते, हे तपासून रिपोर्ट द्यायचा. सिव्हिलमधल्या माणसाला वाटतं बोट म्हणजे पाण्यातली गोष्ट. आमच्यासाठी बोट ही आधी खांद्यावरची गोष्ट असते. रस्ता संपतो तिथून पाण्यापर्यंत ती माणसांनी वाहायची असते.

कॅम्पचे ऑफिसर कॅप्टन राठी. वय सत्तावीस. हिंदी बोलायचे, मराठी समजायचे. त्यांनी इकडच्या पाण्याची माहिती असलेला माणूस मागितला आणि नाईक सोमा गवारी आमच्याबरोबर आला.

सोमा पश्चिमेकडच्या डोंगरातला. धरण भरलं तेव्हा त्याच्या वडिलांची भातखाचरं पाण्याखाली गेली आणि घर वर, डोंगराच्या कडेला सरकलं. पाच-सहा घरांची वाडी. भात, नाचणी, वरई. त्याचे वडील भिवाबाबा, बायको हिराबाई आणि चार वर्षांची मुलगी तिथंच राहायची. कॅम्पपासून बोटीनं ती जागा तासाभरावर होती. पहिल्या रविवारी मी त्याला आऊटपास दिला. परत आला तो नाचणीच्या भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा घेऊन. सगळ्या प्लाटूनला वाटला.

फौजेतल्या रीतीनं हवालदाराला, म्हणजे मला, तो उस्ताद म्हणायचा. वल्ही मारताना तो मध्येच हातानं दाखवायचा. "हितं आमचं खाचर व्हतं. हितं आंबा. उस्ताद, डावीकडनं घ्या, खाली आंब्याचा शेंडा हाय." आम्ही डावीकडून घ्यायचो. एकदाही बोट अडकली नाही.

पहिल्या आठवड्यात बोटींचं वजन केलं. प्लेटवर छापलेल्या आकड्यावर कॅप्टन साहेबांचा विश्वास नव्हता. कळंबला माझ्या ओळखीचे एक कांदा व्यापारी होते. त्यांच्या वखारीत मोठा प्लॅटफॉर्म काटा होता. फळ्या टाकून एकेक बोट काट्यावर ठेवली. ॲल्युमिनियम, एकशे अडतीस किलो. फायबर, दोनशे चार. आठ दिवस पाण्यात ठेवून पुन्हा नेल्या. ॲल्युमिनियम तेवढीच. फायबरच्या तिघी तेवढ्याच, पण एक दोनशे एकवीस. तळाला केसाएवढी चीर होती आणि आतल्या लाकडाला पाणी लागलं होतं. ते कुणाला दिसलं नव्हतं. सोमानं आदल्या दिवशी बोटीवर बोटाच्या पेरानं टकटक करून सांगितलं होतं, "उस्ताद, ही भिजल्यागत वाजती."

व्यापारी हसून म्हणाले, "कांद्याचंबी असंच हाय राव. वला झाला का काटा खाली."

मग कॅरी. हुकूम व्हायचा, "उठाओ बोट!" आणि मी स्टॉपवॉच दाबायचो. चारशे पावलं, चढ-उतारावर. ॲल्युमिनियम सहा माणसांत नऊ मिनिटं. फायबरला आठ माणसं, सतरा मिनिटं आणि दोनदा खाली ठेवावी लागायची. पाण्यात मात्र उलटं होतं. जोराचा वारा सुटला की फायबर पाण्यात बसून राहायची. ॲल्युमिनियम रिकामी असली तर वारा तिला आडवी ढकलायचा, नाक वर उचलायचा. सोमानं त्यावर घरगुती उपाय काढला. रिकाम्या बोटीत तळाला आठ-नऊ दगड ठेवायचे. साधारण दोन माणसांचं वजन. काठावर पोचलं की दगड काढायचे आणि माणसं घ्यायची. कॅप्टन साहेबांनी तेही रिपोर्टच्या मसुद्यात लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तो चार दिवस थांबला नाही. ट्रायल बंद केली. जवान तंबूत बसून बोटींचे दोर वळत होते.

पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी एक पोलीस हवालदार मोटरसायकलवर कॅम्पला आला. भिजून चिंब. वरच्या वाडीची कड सुटली होती. दोन घरं खाली गेली होती. आदल्या संध्याकाळी जमिनीला भेगा दिसल्या म्हणून त्या घरांतली माणसं बाहेर निघाली होती, त्यामुळे जीव वाचले. पण पायवाट वाहून गेली होती आणि दुसऱ्या बाजूचा ओढा पायी ओलांडता येत नव्हता. तेवीस माणसं अडकली होती. एका बाईचा पाय मोडला होता. कड अजून हलत होती.

पोलिसानं वाडीचं नाव सांगितलं. सोमा माझ्या शेजारी उभा होता. त्यानं वाकून बुटाची नाडी घट्ट केली.

कॅप्टन साहेबांनी नकाशा पसरला. वाडी धरणाच्या आतल्या फाट्यावर, म्हणजे डोंगरात घुसलेल्या पाण्याच्या फांदीवर होती. मोठ्या पाण्यातून थेट जायचं तर डोंगराच्या एका लांब सोंडेला वळसा पडत होता आणि त्या वळशावर सगळी बुडालेली झाडं. चार दिवसांच्या पावसानं गढूळलेल्या पाण्यात ती सोमालाही चुकवता आली नसती. दुसरा मार्ग म्हणजे सोंडेच्या अलीकडे उतरायचं, खिंडीतून एक बोट खांद्यावर पलीकडे न्यायची आणि आतला फाटा वल्ह्यांनी ओलांडायचा. फाटा सातशे मीटर रुंद. माणसं फाट्यातून खिंडीवर आणायची, खिंड चालवत उतरवायची आणि अलीकडच्या बोटीतून कॅम्पला पाठवायची. दोन बोटी, आठ जण.

प्रश्न एकच होता. खिंडीवरून कुठली बोट न्यायची?

सोमा म्हणाला, "उस्ताद, आत फायबर न्यावी. घाटावरनं वारा त्या फाट्यात सरळ घुसतो. हलकी नाव कागदावानी उडंल."

मी म्हणालो, "आठ माणसं आहोत. एक अलीकडच्या बोटीजवळ थांबणार. सात जणांत दोनशे किलो, चिखलातून, चढावर?"

"चढवू."

"तास जाईल सोमा. आणि मध्ये निसटली तर दोघांचे पाय मोडतील."

"ठीक हाय. तुमी म्हणाल ती. मंग दगडं भरायची."

कॅप्टन साहेबांनी विचारलं, "कौनसी बोट अंदर जाएगी, हवालदार?"

"ॲल्युमिनियम, सर."

"वजह?"

"वजन, सर."

"ठीक है. निकलो."

आठ चाळीसला निघालो. फायबरच्या बोटीला मोटर होती, तिनं दुसरीला ओढलं. नऊ पंचवीसला सोंडेच्या अलीकडे लागलो. खिंडीत गुडघ्याएवढा चिखल होता. बोट उलटी करून खांद्यावर घेतली. दोन जण घसरले, बोट खाली पडू दिली नाही. नऊ पन्नासला ती पलीकडच्या पाण्यात होती. फायबर असती तर ती खिंड चढली नसती. हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो.

खिंडीवरून वाडी समोर दिसत होती. तांबडी कड, अर्धी सुटलेली. वर माणसांचा ठिपक्याएवढा घोळका. सोमा आणि सॅपर जगताप बोटीत बसले. जगताप बावीस वर्षांचा, पोहण्यात प्लाटूनमध्ये पहिला. दोघांनी लाईफ जॅकेट बांधली. एक वॉकी-टॉकी त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. कॅम्पवर कॅप्टन साहेब सेटवर. त्यांच्याकडे दुर्बीण होती आणि, लांबून का होईना, कडेचा वरचा भाग त्यांना आमच्यापेक्षा नीट दिसत होता.

पहिली फेरी, सहा जण. पाय मोडलेली बाई, तिची सासू आणि मुलं. दुसरी फेरी, सहा जण. त्यात हिराबाई आणि मुलगी होती. सोमानं मुलीला उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "उस्ताद, हिला जरा खाली पोचवा." मग बायकोला म्हणाला, "बाबांना शेवटच्या खेपंला आणतो. ते आधी यायला तयार न्हाईत. म्हणत्यात, सगळी जाऊ द्या." हिराबाई मान हलवून खिंड उतरायला लागली.

दर वेळी रिकामी बोट परत नेताना ते दोघं काठावरचे दगड उचलून तळाला रचायचे. पाच मिनिटं जायची. वारा वाढत होता, पण दगडांमुळे बोट सरळ जात होती.

तिसरी फेरी, सात जण. अकरा पन्नासला ते अलीकडे लागले. पलीकडे चार माणसं उरली होती. भिवाबाबा आणि आणखी तीन म्हातारे. सोमा आणि जगताप दगड भरायला वाकले. तेवढ्यात सेट वाजला.

"बोट वन, बेस. कड हिल रही है. पेड़ झुक रहे हैं. जल्दी करो. ओव्हर."

मी खिंडीच्या माथ्यावर होतो, काठापासून शंभर पावलं. मी सेटचं बटण दाबलं.

"सोमा, दगड राहू दे. तसाच निघ. ओव्हर."

दोन सेकंद काही आलं नाही. त्यानं हातातला दगड खाली ठेवलेला मला दिसला. मग आवाज आला.

"रॉजर, उस्ताद."

अकरा बावन्नला बोट सुटली. अकरा अठ्ठावन्नला, फाट्याच्या बरोबर मध्यावर, घाटाकडून वाऱ्याचा झोत आला. पाण्यावर तो येताना काळ्या पट्ट्यासारखा दिसला. बोटीचं नाक वर गेलं आणि ती आडवी उलटली. आवाज आला नाही. मला नुसता पांढरा तळ दिसला.

उलटताना बोटीची कड सोमाच्या कानशिलावर बसली. जगतापनं एका हातानं बोट धरली, दुसऱ्या हातानं सोमाच्या जॅकेटची कॉलर. वारा त्यांना आमच्या काठाकडे ढकलत होता. मी आणि दोन जवान दोर कमरेला बांधून पाण्यात उतरलो. बारा वाजून नऊ मिनिटांनी सोमाला काठावर घेतलं. श्वास नव्हता. दोघांनी छाती दाबायला सुरुवात केली.

मी सेटवर रिपोर्ट दिला.

कॅप्टन साहेबांचा आवाज आला. "चार सिव्हिलियन बाकी हैं, हवालदार."

"येस सर."

"तुम्हारा फैसला."

मी सोमाकडे बघितलं. त्याचे डोळे अर्धे उघडे होते. छाती दाबणारा जवान मोठ्यानं आकडे मोजत होता. तिथं थांबून मी काही वेगळं करू शकणार नव्हतो. बोट सरळ केली. वल्ही शोधली. वल्ह्यासाठी मी दुसऱ्याला हाक मारली तर जगताप म्हणाला, "मी येतो उस्ताद. मला वाट ठावं झालीय."

या वेळी दगड भरले. नऊ.

पलीकडे चौघं काठावर येऊन उभे होते. त्यांनी बोट उलटताना बघितली होती. भिवाबाबांनी माझा चेहरा बघितला, मग जगतापचा.

"सोमा कुटंय?"

"पलीकडं आहे बाबा. बसा."

"हाय का न्हाई?"

मी खोटं बोललो नाही. खरंही बोललो नाही. "जवान प्रयत्न करतायत," एवढंच म्हणालो. ते बोटीत बसले. दोन्ही हातांनी कड घट्ट धरली. सातशे मीटर त्यांनी मान वर केली नाही. बारा पन्नासला आम्ही अलीकडे लागलो, तेव्हा छाती दाबणारा जवान थांबला होता. कुणीतरी सोमाच्या अंगावर रेनकोट घातला होता.

भिवाबाबा त्याच्याजवळ बसले. त्याच्या कपाळाचा चिखल त्यांनी उपरण्यानं पुसला. म्हणाले, "सगळी आली बाळा."

खाली बोटीजवळ हिराबाई थांबली होती. तिला कुणी सांगितलं, कसं सांगितलं, मला आठवत नाही. तिचं रडणं खिंडीपर्यंत ऐकू आलं, ते आठवतं.

उरलेली कड खाली आली तेव्हा दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. वाडीतलं एकही घर राहिलं नाही. तेवीसच्या तेवीस माणसं कॅम्पवर होती. मी मनाशी हिशेब केला. दगड भरायला आमच्याकडे साडेतीन तास होते. पण अकरा बावन्नला हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. कॅम्पच्या जवळ, पाण्यापासून वर, लष्करी इतमामात त्याला अग्नी दिला. गार्डनं शस्त्रं उलटी केली. बिगुल वाजला. मुलगी सलामीच्या बंदुकांच्या आवाजानं दचकली आणि आजोबांच्या पायाला बिलगली.

नंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला विचारलं, ही बोट का निवडली? मी दोन्हींची वजनं सांगितली, कॅरीला लागलेला वेळ सांगितला, चिखल सांगितला. प्रिसायडिंग ऑफिसरनी मान हलवली. निवड योग्य ठरली. वाऱ्याचा अचानक झोत, असं कारण लिहिलं गेलं. दगडांबद्दल कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. जगताप माझ्यानंतर साक्षीला गेला. त्यानंही सांगितलं नाही. बाहेर आल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं नाही आणि मी त्याच्याकडे.

तीन वर्षांनी मी निवृत्त झालो. डिंगोऱ्याला आलो. शेती बघायला लागलो. गावात लोक नोकरीतल्या गोष्टी विचारायचे. मी राजस्थानच्या सांगायचो, जम्मूच्या सांगायचो. घोडेगावच्या पलीकडे वाडीच्या लोकांना पुनर्वसनात घरं मिळाली होती. बाजाराच्या दिवशी मी तिकडून दोनदा गेलो. दोन्ही वेळा एसटीतून उतरलो नाही.

उतरलो ते निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी. त्याला निमित्त काही नव्हतं. सकाळी उठलो आणि निघालो. बायकोनं विचारलं, कुठं? मी म्हणालो, सोमाच्या घरी. तिनं डबा बांधून दिला.

भिवाबाबा ओट्यावर बसले होते. नजर कमी झाली होती. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि माझा हात धरून जवळ बसवलं. हिराबाई अंगणवाडीत कामाला लागली होती. तिनं पाणी आणलं, चहा टाकला. मुलगी शाळेत गेली होती.

मी चहा घेण्याआधीच बोललो. जे आठ ओळींत सांगता येण्यासारखं होतं ते सांगितलं. दगड भरू नको असं मी म्हणालो. माझा हुकूम होता. कोर्टासमोर मी ते सांगितलं नाही.

हिराबाई दारात उभी होती. ती आत निघून गेली.

भिवाबाबा म्हणाले, "मला ठावं हाय भाऊ."

"कसं?"

"तुमचा जगताप आला व्हता. पयल्या वरसश्राद्धाला. हितंच बसून रडला. त्यानं समदं सांगितलं."

मी विचारलं, "मग तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत?"

"कुणाला बोलायचं? तुमी आमच्यासाठीच घाई केली ना. त्या टायमाला वर मी उभा व्हतो. पायाखालची जमीन हालती, ते मला कळत व्हतं. मीबी मनात म्हनत व्हतो, लवकर ये रं." मग म्हणाले, "पर तुमी यायला लई दिस लावलं."

हो, म्हणालो.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्यो शेवटचं काय बोलला?"

"रॉजर म्हणाला."

"म्हंजी?"

"फौजेत म्हणतात बाबा. ऐकलं, समजलं, असा अर्थ होतो."

"रागानं म्हनला का?"

मी ते दोन सेकंद आठवले. माझ्या आयुष्यात मी ते जितक्या वेळा आठवले तितकं दुसरं काही आठवलं नसेल. "नाही," मी म्हणालो. "रागानं नाही. नेहमीसारखंच."

त्यांनी मान हलवली. आतून हिराबाईनं विचारलं, जेवून जाणार का? मी जेवलो. हातसडीचा भात आणि उडदाचं घुटं. माझा डबा मी तिच्या हातात दिला, तिनं तोही वाढला.

त्यानंतर मी दर वर्षी जात राहिलो. जगतापला पत्र लिहिलं, तो एकदा नाशिकहून आला, आम्ही दोघं बरोबर गेलो. भिवाबाबा दोन वर्षांनी वारले. त्यांना खांदा दिला त्यात आम्ही दोघं होतो.

रेजिमेंटच्या बोर्डावर सोमाचं नाव आहे. बोर्डावर तेवढ्या एका ओळीचीच जागा असते, म्हणून बाकीचं इथं लिहून ठेवलं. नाईक सोमा भिवा गवारी. वय एकतीस. नोकरी अकरा वर्षं. उंची पाच फूट चार इंच. पाण्याखालचा प्रत्येक आंबा त्याला माहीत होता. त्या दिवशी त्यानं एकोणीस माणसं पलीकडून आणली, आणि विसाव्या माणसासाठी, स्वतःच्या बापासाठी, जाताना तो गेला.